मदत हवी आहे: एनआयसीयूतलं बाळ आईला व्हिडिओ कॉलवर कसं दाखवायचं? (इंदूर)

मल्हारगंजकर
बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत आहे. पत्नीला व्हिडिओ कॉलवर दाखवायचंय, पण सिस्टर मोबाईल आत नेऊ देत नाहीत. बाहेरच्या काचेतून दाखवलं तर दिव्याचं प्रतिबिंब आणि नळ्याच दिसतात. ती सारखी रडते आहे, दूधही उतरत नाहीये. कुणी अशी परवानगी मिळवली आहे का? कुणाशी बोलायचं, काय सांगायचं? सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारायचंय, लवकर सांगा.

चाफा_रामबाग
किती आठवड्यांचं आहे? वजन? श्वासाला मशीन लागलंय का? आणि वहिनी कुठे आहेत?

निनाद_ग्वाल्हेर
कॉल कशाला हवा? आईलाच आत न्या आणि बाळाला उघड्या छातीशी धरू द्या, कांगारू पद्धतीने. आमच्या मुलीला त्यानेच बळ आलं. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला, २०२१ साली छापून आला. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच सांगितलं. डॉक्टरांकडे हट्ट धरा.

मल्हारगंजकर
अहो, आई तिथे नाहीच! डिलिव्हरी अन्नपूर्णा रोडच्या नर्सिंग होममध्ये झाली, तिथे एनआयसीयू नाही म्हणून बाळाला विजयनगरकडे हलवलं. तिचं बीपी उतरत नाही, तिला सोडत नाहीत. तिने बाळाचं तोंडही पाहिलेलं नाही. ३० आठवडे, १३०० ग्रॅम, सीपॅपवर (नाकातून हवेचा दाब देऊन श्वासाला आधार देणारं मशीन).

चाफा_रामबाग
दादा, हे पहिल्यांदाच लिहायचं होतं. मग कॉल हवाच.

सुनंदाकाकू
पाचवी पुजलीत का? एवढ्याशा जीवाला फोनवर दाखवू नये रे, दृष्ट लागते. बाळंतिणीने रडूही नये.

चाफा_रामबाग
काकू, पाचवी घरचे पुजतील. पण ज्या आईनं बाळ पाहिलंच नाही, तिला रडू नकोस म्हणून कसं चालेल?

तारवाला
सोपं आहे. जुना फोन पेटीवर चिकटवा, कॅमेऱ्याचं ॲप टाका, वहिनी चोवीस तास बघतील.

परिचारिका_बडोदा
तारवाला, कृपा करून असं सुचवू नका. शेजारच्या पेट्यांत दुसऱ्यांची मुलं असतात. आणि सुई टोचताना किंवा श्वास थांबून अलार्म वाजताना आई ते एकटीने, कुणी समजवायला नसताना पाहील.

मल्हारगंजकर, मी अशाच वॉर्डात काम करते. "मोबाईल नेऊ द्या" म्हणालात तर नाहीच म्हणतील. असं मागा: दिवसातून एकदा, त्यांना सोयीच्या वेळी, पाच मिनिटं, फक्त आमची पेटी, रेकॉर्डिंग नाही. फोन अल्कोहोलने पुसून पारदर्शक झिपच्या पिशवीत घालू, फ्लॅश बंद, आवाज अगदी बारीक. ड्युटी बदलताना विचारू नका, तेव्हा कुणालाच फुरसत नसते. शक्य असेल तर फोन सिस्टरच्याच हातात द्या, त्या बाळाची दोन वाक्यं सांगतील. आईला त्या दोन वाक्यांचाच जास्त आधार वाटतो.

कॉलच्या आधी वहिनींना सांगून ठेवा: नाकात सीपॅपची नळी आहे, तोंडातून पोटात गेलेली नळी दुधासाठी आहे, पायाची पट्टी ऑक्सिजन मोजते आणि ती सैल झाली तरी अलार्म वाजतो. न सांगता दाखवलंत तर त्या जास्त घाबरतील. कॉल संपला की लगेच दूध काढायला बसवा. बाळ दिसलं, त्याचा आवाज ऐकला की पान्हा फुटायला मदत होते. दर दोन-तीन तासांनी काढायचं, रात्रीसुद्धा. सुरुवातीला चमचाभर चीक निघाला तरी टाकू नका.

ओंकारेश्वरी
मला मात्र कॉलचा त्रासच झाला. मॉनिटरचा आवाज रात्रभर कानात राहायचा. मग आम्ही कॉल बंद करून सिस्टरकडून रोज एक फोटो आणि वजन मागायला लागलो. वहिनींना काय हवंय ते आधी विचारा.

निनाद_ग्वाल्हेर
तरीही सांगतो, कांगारू बापही करू शकतो. तुम्ही रोज तिथे जाताच ना? वहिनींनी तेच कॉलवर पाहिलं तर?

परिचारिका_बडोदा
हे पटलं. सीपॅपवरही करता येतं, बाळ स्थिर असेल तर. डॉक्टरांना नक्की विचारा.

रेवा_तट
मेडिक्लेम आहे का? बाळाचं नाव पॉलिसीत लगेच घाला, नंतर फार धावाधाव होते.

मल्हारगंजकर
डॉक्टर तयार झाले, परिचारिकाताईंचे शब्द जसेच्या तसे वापरले. संध्याकाळी सिस्टर फोन धरणार. बाळाने हात हलवलेला दिसला तरी तिला पुरेल. आता दुसरं: तिने काढलेलं दूध विजयनगरला न्यायचंय, पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये फार वेळ जातो. थर्मास चालेल?

परिचारिका_बडोदा
साधा थर्मास नको. झाकणाच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या पाकिटांसह आइसबॉक्समध्ये न्या. बाटलीवर आईचं नाव, तारीख, वेळ लिहा. बाटल्या एनआयसीयूतूनच मागून घ्या, देतात.