एकूण आकडा फसवा असतो

'मेडिकलचे शोधनिबंध शेकड्यांनी, मॅनेजमेंटचे बोटावर मोजण्याइतके, म्हणजे तो विभाग नुसता पगार खातो' हा विभागांच्या निबंधांची नुसती संख्या मोजून मांडलेला हिशेब पटला नाही. मेडिकलमध्ये एका रुग्णाच्या केसवरही दोन पानी निबंध छापून येतो. मॅनेजमेंटच्या चांगल्या जर्नलमध्ये दुरुस्त्यांच्या फेऱ्यांतच दोन-तीन वर्षं सहज जातात. दोन्ही एकाच तराजूत टाकले की कोण जड भरणार हे आधीच ठरलेलं!

विज्ञानाचा आकडाही धुतल्या तांदळासारखा नसतो. २०१३ मध्ये टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत चंदीगडचं पंजाब विद्यापीठ २२६ ते २५० या गटात आलं, सगळ्या आयआयटींच्या पुढे. कारण काय, तर तिथले भौतिकशास्त्रज्ञ सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या प्रयोगात सहभागी होते आणि हिग्ज बोसॉन या मूलकणावरच्या निबंधांची सायटेशन्स (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) विद्यापीठाच्या खात्यात पूर्ण जमा झाली. अशा निबंधांना लेखक किती? हिग्जच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका निबंधाला ५,१५४! ३३ पैकी २४ पानं लेखक आणि त्यांच्या संस्थांच्या यादीचीच. त्याच वर्षी टाइम्स हायर एज्युकेशनने हजाराहून जास्त लेखक असलेले निबंध मोजणीतून वगळले आणि पंजाब विद्यापीठ खाली घसरलं. त्या शास्त्रज्ञांचं काम खरंच होतं, मोजणी चुकीची होती.

त्यामुळे एकूण बेरजेपेक्षा विभागवार आकडे टाका, तेही त्याच विषयाच्या सरासरीशी तुलना करून. मग मॅनेजमेंटवाल्यांना खुशाल झोडपा.