सातव्या महिन्यात शुगर निघालीय, गोळी मागून घेऊ का इन्सुलिनच?

विश्रामबागकरीण:
सांगलीत राहते, सातवा चालूय. ग्लुकोजच्या पाण्याच्या टेस्टला दोन तासांनी १६८ आली. भात बंद, साखर बंद, माहेर तासगावचं म्हणून घरात बेदाण्याचे डबे भरलेत ते पण कुलपात, तरी सकाळची उपाशीपोटीची ११० च्या खाली येईना. डॉक्टर इन्सुलिन म्हणतायत. सासूबाईंचं म्हणणं, एकदा सुई लागली की जन्माची लागते, आणि मोठ्या जावेचं नुसत्या गोळीवर भागलं होतं. काय करू?

मिरजेची काकू:
अगं जावेची ती मेटफॉर्मिन असणार. वाईट नाही, सरकारी गाईडलाईनमध्ये पण वीस आठवड्यांनंतर चालते म्हणून दिलीय. पण ती वारेतून बाळापर्यंत जाते, इन्सुलिन तसं जात नाही, आणि तुझी उपाशीपोटीचीच वर आहे (९५ च्या आत पाहिजे, जेवून दोन तासांनी १२० च्या आत), म्हणून डॉक्टर सुई म्हणत असतील. गोळीचं विचारायला काय हरकत नाही, विचार सरळ. जन्माची लागते हे मात्र साफ खोटं, वार पडली की शुगर चढवणारे हार्मोन्स पण जातात, बहुतेकींचं दवाखान्यातच बंद होतं. फक्त सहा आठवड्यांनी परत ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट करायची असते, बाळाच्या नादात बायका हमखास विसरतात, ती लसीच्या दिवशीच उरकून टाक.

कुपवाड_मेडिकलवाला:
ताई, सिरिंज घेताना बाटली हातात घेऊन बघा. बाटलीवर ४० असेल तर लाल टोपणाची ४० चीच सिरिंज, १०० असेल तर केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढलं तर डोस अडीचपट जातो, गर्दीत आमच्याकडून पण चुकीची दिली जाऊ शकते हो. बाटली फ्रीजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठली की टाकून द्यायची. हातपाय थरथरले, घाम सुटला तर लगेच मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून. आणि घरात सासऱ्यांची ग्लिमेपिराइड आहे म्हणून अर्धी घेऊन बघू असलं काही नको, ती पोटुशीला देत नाहीत.

विश्रामबागकरीण:
सासूबाईंना हे वाचून दाखवलं, बघते म्हणाल्या 😅 उद्याच जाते दवाखान्यात. भडंग चालतं का पण?

मिरजेची काकू:
मुरमुरे म्हणजे तांदूळच की गं. मूठभर घे, शेंगदाणे जास्त टाक आणि दोन तासांनी मोजून बघ.