छोटं अ‍ॅक्वापोनिक्स : मासे मरतायत, पुदिना पिवळा पडलाय, सायफन रुसलाय

हिरवंस्वप्न
मंडळी, मदत हवी आहे. गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स मांडलंय, म्हणजे माशांच्या पाण्यावरच झाडं वाढवायची. खाली २०० लिटरचं पिंप, त्यात डझनभर गोल्डफिश. वर साधारण तेवढ्याच मापाचा खडीचा वाफा, फूटभर खोल. वाफ्यात पुदिना, पालक आणि थोडं लेट्यूस. सुरू करून अजून महिनाही झालेला नाही आणि तक्रारी सुरू झाल्यात.

१. तीन मासे गेले. उरलेले सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून असतात.
२. पुदिन्याची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. जुनी पानं ठीक आहेत.
३. बेल सायफन (वाफा भरला की पाणी एकदम खाली ओढणारी घंटेसारखी टोपी घातलेली नळी) लहर लागली तर ओढतो, नाहीतर नुसता झिरपत बसतो.

टेस्ट किटप्रमाणे अमोनिया १, नायट्राइट ०.५ (दोन्ही लिटरला मिलिग्रॅम), पीएच ८.२. मासे बदलू की झाडं बदलू? बजेट म्हणाल तर एका साध्या सायकलीच्या किमतीएवढं होतं, त्यातलं बरंचसं संपलंय. कृपया त्यात बसेल असं सुचवा.

मत्स्यमित्र
२०० लिटरमध्ये हा खेळ जमत नाही, स्पष्ट सांगतो. कमी पाणी म्हणजे दुपारी तापणार, रात्री गार होणार, जरा खाणं जास्त पडलं की अमोनिया वर. माझ्याकडे हजार लिटरची पिंजऱ्यातली टाकी आहे. तिलापिया एवढे माजलेत की पंप बंद पडला तरी त्यांना फरक पडत नाही. सरळ मोठी टाकी घ्या, एकदाच काय तो खर्च.

पंपवाला
सायफनचं सांगतो. पाणी कमी पडत असेल तर ते उभ्या पाइपच्या काठावरून नुसतं झिरपत राहतं, सायफन धरतच नाही. फार जास्त पडलं तर धरतो पण सुटत नाही. पंपाला बायपास द्या, त्यावर व्हॉल्व्ह लावा आणि सायफन नेमका कुठल्या धारेला धरतो आणि सुटतो ते बघत बसा. पाणी खाली जिथे पडतं त्या पाइपच्या टोकाला एक एल्बो लावा, धरायला मदत होते. फुकटात काम.

ठिपका
खडीवर व्हिनेगर टाकून पाहिलंय का? फेस येतो का?

टायमरतात्या
पंपवाले भाऊ, सायफनच्या नादात किती जणांचे वाफे सुकले ते आम्ही पाहिलंय. टायमर लावा हो. पंधरा मिनिटं चालू, पाऊण तास बंद. पंप बंद असताना पाणी आपोआप खाली उतरतं, मुळांना हवा मिळते. ना घंटा, ना रुसवे.

पंपवाला
तात्या, आणि टायमर बिघडला की? वर दिवसातून चोवीस वेळा चालू-बंद करून पंपाची वाट लागते ती वेगळीच. माझा सायफन बसवल्यापासून हातसुद्धा लावलेला नाही.

टायमरतात्या
मागच्याच धाग्यात "परत चोंदला" म्हणून कोण रडत होतं?

पंपवाला
ते मूळ अडकलं होतं. सायफनची चूक नाही.

कोयीवाली
भांडण बाजूला ठेवा, मासे मरतायत. हिरवंस्वप्न, तुमच्या टाकीचं सायकलिंगच पुरं झालेलं नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि झाडं ते नायट्रेट खातात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे नंतर सोडायचे असतात, पण आता सोडलेच आहेत तर खाणं दोन-तीन दिवस पूर्ण बंद करा. उपाशी राहिले म्हणून मरत नाहीत. तिसरा हिस्सा पाणी बदला. नळाचं पाणी एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून दोन दिवस ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल. तुमच्याकडे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) घालत असतील तर ते असं उडत नाही, थायोसल्फेट लागेल. आणि एक जादा एअरपंप लावाच.

बाटलीतले जिवाणू मात्र विकत घेऊ नका. मला एका दुकानदाराने "आज ओता, उद्या मासे सोडा" म्हणून दोन बाटल्या गळ्यात मारल्या. नाव सांगत नाही, पण अजून राग येतो.

लिंबूटिंबू
पीएच ८.२ जास्तच आहे. दोन लिंबं पिळा. मी असंच करतो.

कोयीवाली
लिंबू नको! सायट्रिक आम्लाने जिवाणूंचं नुकसान होतं. आणि पीएच दुसऱ्या दिवशी परत वर येतो तो वेगळा. असं वरखाली झालेलं माशांना चढ्या पीएचपेक्षा जास्त बाधतं.

लिंबूटिंबू
माझे मासे तर मजेत आहेत. (गप्पी आहेत, ते गटारातही मजेत असतात म्हणा.)

मत्स्यमित्र
गोल्डफिश हीच मुळात चूक. घाण फार करतात. तिलापिया घ्या. परवानगी लागत असेल तिथे परवानगी काढा.

हिरवंस्वप्न
सगळ्यांचे आभार. मत्स्यमित्रकाका, मोठी टाकी बजेटमध्ये नाही, वर लिहिलंय. मासे खाण्यासाठी नाहीत, मुलीने प्रत्येकाला नाव दिलंय. कोयीवालीताई, खाणं बंद केलं आणि पाणी बदललं. एअरस्टोन उसना आणलाय. सकाळी वर येणं थांबलं. अमोनिया अर्ध्यावर आलाय. पण पानं तशीच.

प्रयोगशील
ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे : खाणं बंद करा, पाणी बदला, हवा वाढवा. माझंही हेच मत.

पण मूळ मुद्दा खाद्याच्या गणिताचा आहे. जेम्स राकोसी यांनी यूएस व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात हे बसवून दाखवलं : तराफ्यावरच्या (पाण्यावर तरंगत्या पाट्यांवरच्या) लागवडीला दर चौरस मीटरला दिवसाला ६० ते १०० ग्रॅम खाद्य. तुमचा वाफा किती चौरस मीटरचा, खाद्य किती, ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

टायमरतात्या
ते तराफ्याचं गणित आहे साहेब, यांचा खडीचा वाफा आहे. खडीत गाळ अडकतो, तिथेच कुजतो, त्याला खाद्य कमी लागतं. आणि ज्यांचे मासे मरतायत त्यांना खाद्य वाढवायला सांगताय?

प्रयोगशील
वाढवा असं मी कुठे म्हटलं? वाचत जा.

पिवळंपान
नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी. नायट्रोजन कमी असता तर जुनी पानं आधी पिवळी पडली असती. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम झाडांना पुरेल इतकं नसतं, हे तीन वरून द्यावे लागतात. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहून झाडाला घेता येईल असं) आणा, लिटरला २ मिलिग्रॅम धरून, तीन-चार आठवड्यांतून एकदा. गंजके खिळे टाकायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. आणि पितळी तोट्या असतील तर काढा, तांबं माशांना विष आहे.

ठिपका
परत विचारतो, कारण कोणी वाचलेलं दिसत नाही. पाण्याला क्षारीय काय करतंय? नळाच्या पाण्याचा पीएच आणि टाकीचा पीएच वेगळा तपासा. खडी चुनखडीची असेल तर ती विरघळत राहते आणि पीएच खाली येऊच देत नाही. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ तिथे असू शकतं. पीएच ७ वरून ८ वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. म्हणून किटवर १ दिसत असूनही मासे गेले. आणि एवढ्या पीएचला लोह पाण्यात असूनही झाडाच्या हाती लागत नाही. सुका खडा घ्या, व्हिनेगरचे चार थेंब टाका, कानाजवळ धरा.

हिरवंस्वप्न
टाकलं. पांढऱ्या खड्यांवर चांगलाच फेस येतोय, चुरचुर ऐकूसुद्धा आली. काळे खडे गप्प आहेत. पांढरे निम्म्याहून जास्त आहेत. नळाचं पाणी ७.३.

कोयीवाली
मग सगळी खडी काढा. दुसरा उपाय नाही.

पिवळंपान
काढाच. भाजलेल्या मातीच्या गोळ्या भरा, हलक्या असतात आणि पीएचला धक्का लावत नाहीत.

मत्स्यमित्र
मातीच्या गोळ्याच घ्या, मी त्याच वापरतो. आता सगळं उपसणारच आहात तर टाकीही मोठी घ्या.

पंपवाला
खडी काढाल तेव्हा सायफनभोवती जाळीचा पाइप घाला.

टायमरतात्या
किंवा सायफनच काढा.

हिरवंस्वप्न
मंडळी, विचार केला. खडी काढत नाही. ती जिन्यावरून वर नेताना भावाची पाठ धरली होती, तो आता फोन उचलत नाही. मातीच्या गोळ्यांना पैसे नाहीत. आणि सगळी खडी काढली तर त्यावर जेवढे काही जिवाणू बसलेत तेही जातील, परत पहिल्यापासून.

तेव्हा ठरलंय असं : पीएच ८ च्या आसपास राहणार हे गृहीत धरायचं. गोल्डफिश चारच ठेवायचे, बाकीचे मामांच्या हौदात. खाणं पाच मिनिटांत संपेल एवढंच. चिलेटेड लोह ईडीडीएचए प्रकारचं आणलंय, चढ्या पीएचलाही चालतं असं कळलं. टाकल्यावर पाणी लालसर झालं, मुलगी घाबरली. आणि सायफन काढला, टायमरही नाही. आडव्या नळीतून पाणी सतत वाहतं ठेवलंय, वरचा दोन इंचांचा थर कोरडा.

पंपवाला
सायफन काढला??

टायमरतात्या
सतत पाणी म्हणजे मुळं गुदमरतील. बघाच.

ठिपका
गुदमरायचं काही कारण नाही, पाणी हलतं आहे आणि हवेशीर आहे तोवर चालतं. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. मला खडी बदलणं जास्त पटलं असतं, पण एक फायदा आहे : जिवाणू काम करू लागले की पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातं आणि इतरांना चुना टाकत बसावं लागतं, तुम्हाला नाही लागणार. नायट्राइटवर मात्र लक्ष ठेवा, आता त्याची पाळी आहे. वाढलं तर लिटरला १ ग्रॅम साधं मीठ, त्याहून जास्त नको, लेट्यूस आहे.

हिरवंस्वप्न
धन्यवाद ठिपका. पुदिन्याची सगळ्यात कोवळी पानं हिरवी येतायत. आधीची पिवळी तशीच आहेत.

पिवळंपान
ती पिवळीच राहतात. खुडून टाका. लोह मीच आधी सांगितलं होतं, नोंद असावी.

नवीनच_आलोय
छान धागा. माझंही पिंप आहे, पाणी हिरवंगार झालंय, तळ दिसत नाही. कुठला मासा शेवाळ खातो?

कोयीवाली
मासा नको, उजेड बंद करा. पिंप काळ्या कापडाने गुंडाळा. आणि कृपया वेगळा धागा काढा.

मत्स्यमित्र
किती लिटरचं पिंप?