पदवी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत उपयोगी पडलीच पाहिजे का?

खानापूरवाला (धागाकर्ता):
आमच्या घरात दोघे भाऊ. थोरला 2021 ला बी.कॉम.ला गेला, तेव्हा नव्या शैक्षणिक धोरणाची, चार वर्षांच्या ऑनर्सची हवा होती. धाकटा 2024 ला गेला, तोवर कर्नाटक सरकार पुन्हा तीन वर्षांवर आलेलं. थोरल्याच्या नोट्स रद्दीत. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 ला इथंच बेळगावात झालं, धारवाडच्या खेपा वाचल्या, हे कबूल. पण काळाप्रमाणे बदलायचं म्हणजे नुसती स्कीम बदलायची? थोरला आज टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर कमावतो, आणि ते शिकला गल्लीतल्या क्लासात.

मशीनशॉपवाला:
अगदी खरं. माझं उद्यमबागेत छोटं युनिट आहे. परवा एक बी.एस्सी. झालेला मुलगा आला. हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर दिला, तर मेन स्केल वाचून थांबला, पुढचं बारीक माप येईना. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे की ओ हे! इथं वीस मायक्रॉन इकडेतिकडे झाले तर माल परत येतो. शेवटचं सेमिस्टर कारखान्यातच घ्या.

निवृत्त मास्तर:
मग आयटीआय कशाला आहे? व्हर्नियर आला पाहिजे, यात वाद नाही. पण लॅबला कायमचा माणूस द्या ना. तासावर येणारा अतिथी प्राध्यापक किती मुलांच्या मागे उभा राहणार? आणि तुमच्याकडे लेथ जाऊन संगणकावर चालणारं सीएनसी आलं तेव्हा टिकलं कोण? साइन-कॉस येणारा. कारखान्याच्या आजच्या गरजेवर अभ्यासक्रम बेतला, तर मशीन बदललं की पोरगा घरी.

सीमावासी:
भाषेचं कोणीच बोलत नाही. दहावीपर्यंत मराठी, पदवीला एकदम इंग्रजी. निम्मा वेळ शब्द लावण्यातच जातो. ऐपत असलेले कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जातात. बाकीच्यांनी काय करायचं?

मशीनशॉपवाला:
सीमेपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीच्या एमआयडीसीत गेलात तरी ड्रॉइंग इंग्रजीतच असतं.

सीमावासी:
ड्रॉइंग असू दे. समजावणारा मराठीत बोलला तर काय बिघडतं? तुम्ही तुमच्या कामगारांशी कुठल्या भाषेत बोलता?

मशीनशॉपवाला:
मराठीत, कन्नडात, शिव्या दोन्हीत. 😀 बरं, खानापूरवाले, धाकट्याला शनिवारी पाठवा. जॉबवर्कची चलनं, जीएसटी प्रत्यक्ष बघू दे.

खानापूरवाला:
शनिवारी इंटर्नल आहे ओ त्याची.