संधिवाताच्या गटासाठी खुर्चीवरचा व्यायाम: किती आणि कसा?

प्रश्न (सावली): दहा-बारा जणांसाठी आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटांचा वर्ग सुरू करायचाय. बहुतेकांचे गुडघे झिजलेत, दोघींना आमवात आहे. डॉक्टरांनी सगळ्यांनाच व्यायामाला हरकत नाही म्हटलंय. काय घ्यावं, किती वेळा?

रानवारा: आधी खुर्च्या बघा. चाकं नकोत, हलता कामा नये, आणि बसल्यावर खुबे गुडघ्यांच्या किंचित वर हवेत. बुटक्या खुर्चीतून उठताना गुडघा जास्त वाकतो, वाटीमागचा दाब वाढतो. मग लोक हातांनी रेटा देतात आणि मनगटं धरून बसतात. टणक उशी घातली की झालं.

पहिली दहा मिनिटं नुसतं अंग मोकळं करायला: बसल्याजागी पावलं उचलणं, घोटे फिरवणं, खांदे मागे घेणं. मग मांडीचा व्यायाम. गुडघे झिजलेल्यांसाठी खरा हाच. पाय सरळ करायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, ५ आकडे धरायचा, तितक्याच सावकाश खाली. एकेका पायाने ८ वेळा. धपकन सोडला तर उतरतानाचं स्नायूचं काम बुडतं. आकडे सगळ्यांनी मोठ्याने मोजावेत. श्वास कोंडून धरला की रक्तदाब चढतो. त्यानंतर खुर्चीतून उठणं-बसणं ५ वेळा. शेवटी हलका ताण, झटके न देता.

निळी_छत्री: आमवातवाल्या दोघींसाठी मान गोल फिरवणं पूर्ण बंद ठेवा. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा आमवातात सैल झालेला असू शकतो. रबरी पट्टा मुठीत आवळायला लावू नका, मनगटाच्या वर गुंडाळा. सांधा गरम किंवा सुजलेला असेल तर त्या दिवशी त्याच्यावर जोर नाही. दुखणार नाही तिथवर अलगद हलवणं पुरे. आणि वर्ग सकाळी लवकर ठेवू नका, त्यांचं आखडलेपण सुटायला तासभर किंवा जास्तही लागतो.

सावली: आणि दुखण्याची मर्यादा कुठे धरायची? शेजारीण दहा करते म्हणून हीसुद्धा दहा करणार, हे ठरलेलंच.

रानवारा: व्यायामानंतर दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलं असेल तर जास्त झालं. पुढच्या वेळी आवर्तनं कमी करायची, वर्ग सोडायचा नाही. स्नायू थोडे अवघडले तर चालतं. सांध्यात कळ आली, गुडघा अडकला किंवा पाय बधिर झाला, तर तिथेच थांबायचं.

निळी_छत्री: चढाओढीवर उपाय म्हणजे आवर्तनं मोजूच नका. (वरच्या ८ बद्दल माझा थोडा मतभेद आहे.) '३० सेकंद, आपापल्या गतीने' असं सांगा. कुणाचे कमी होतात, कुणाचे जास्त. थांबतात सगळे एकदमच. श्वासासाठी आकड्यांऐवजी बोलतं ठेवा, पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. कुणाचा खुबा बदललेला असेल तर गुडघा किती वर न्यायचा आणि पायावर पाय चालेल का, हे त्यांच्या सर्जनकडून आधी विचारून घ्या.