मदत हवी आहे: 'कोणाला?' विचारूनही इनडायरेक्ट ऑब्जेक्ट चुकते

मुलीचा इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास घेताना अडले आहे. मी शाळेत शिकले तेच तिला सांगितले. क्रियापदाला 'काय?' विचारले की डायरेक्ट ऑब्जेक्ट सापडते आणि 'कोणाला?' विचारले की इनडायरेक्ट. 'शी गेव्ह मी अ पेन' मध्ये ते चपखल बसले.

मग आले 'ही कॉल्ड द बॉय'. कोणाला बोलावले? मुलाला. आम्ही दोघींनी इनडायरेक्ट लिहिले, पण उत्तरात डायरेक्ट आहे. 'आय सॉ हर' चेही तेच. 'दे मेड हर कॅप्टन' मध्ये तर 'काय?' आणि 'कोणाला?' दोन्हींची उत्तरे मिळतात, तरी 'हर' डायरेक्टच! मुलगी विचारते, मग हा नियम कशाला? उत्तरे पाठ करून घ्यायची नाहीत, तिला कळायला हवे आहे. खात्रीची कसोटी कोणती?

प्रतिसाद:
घोळ आपल्या 'ला' चा आहे. 'मी पुस्तक वाचले', पण 'मी मुलाला पाहिले'. दोन्ही प्रत्यक्ष कर्मेच, म्हणजे डायरेक्ट ऑब्जेक्ट, फक्त कर्म माणूस असले की मराठीत त्यालाही 'ला' लागतो. त्यामुळे 'कोणाला?' ने दोन्ही प्रकारची कर्मे हाती येतात. आधी क्रिया थेट कशावर किंवा कोणावर घडली ते शोधा. बोलावला गेला तो मुलगाच, म्हणून तो डायरेक्ट.

दोन कर्मे दिसली तर पहिले उचलून शेवटी न्या आणि त्याच्या आधी 'टू' किंवा 'फॉर' लावा. 'शी गेव्ह अ पेन टू मी' जमले, म्हणजे मूळ वाक्यातले 'मी' इनडायरेक्ट. 'दे मेड हर अ चेअर' चे 'मेड अ चेअर फॉर हर' होते. 'मेड कॅप्टन फॉर हर' मात्र होत नाही, कारण तीच कॅप्टन झाली. तिथे 'कॅप्टन' हे दुसरे कर्म नसून पूरक आहे, म्हणजे ती कोण झाली ते सांगणारा शब्द. 'आस्क' ला ही कसोटी लावू नका. 'शी आस्क्ड मी अ क्वेश्चन' मध्ये 'मी' इनडायरेक्ट असूनही 'टू मी' चालत नाही.

धागाकर्ती:
'ला' चे आता उमगले, मनापासून आभार! पण 'गेव्ह अ पेन टू मी' मधल्या 'टू मी' ला काय म्हणायचे?

प्रतिसाद:
काही शालेय पुस्तके त्यालाही इनडायरेक्ट ऑब्जेक्ट म्हणतात, पण अनेक व्याकरणांत तो शब्दयोगी अव्ययाचा (इथे 'टू' चा) पदबंध, म्हणजे शब्दगट, मानतात. मला दुसरे पटते. परीक्षेत मात्र तिच्या पुस्तकातली व्याख्या धरा.