इतकी वर्षे केवळ वाचक राहिल्यानंतर डेबियनच्या कामात सहभागी कसे व्हावे?

प्रश्न: वाचनमात्र_सांगली

नमस्कार. एका तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था मी पाहतो आणि आमच्या बहुतेक संगणकांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. अडचण आली की दोषनोंदींचा संग्रह उघडायचा, तोच प्रश्न आधी कोणी मांडला आहे का ते शोधायचे आणि उत्तर मिळाले की पान बंद करायचे, असे कित्येक वर्षे चालले आहे. तिथल्या जुन्या मंडळींची लिहिण्याची ढबही आता ओळखू येते, पण मी स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. आता मात्र सांगण्याजोगे काही हाती आले आहे. आम्ही वापरतो त्या लेखनाच्या प्रोग्राममध्ये मराठी मजकुरातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाने उमटतात. ‘शाल’ हा शब्द लिहिला तर त्यातले एकही व्यंजन पाठ्यपुस्तकातल्यासारखे दिसत नाही. विद्यार्थ्यांचे अहवाल याच संगणकांवर तयार होत असल्यामुळे हे सुधारावे असे मनापासून वाटते. नोंद कशी करावी, आणि माझे बेताचे इंग्रजी तिथे चालेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: अक्षरजुळारी

नोंद अवश्य करा, मात्र त्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा, कारण चुकीच्या दारात ठेवलेली नोंद महिनोन्महिने तशीच पडून राहते. अनेक देवनागरी फाँटांत या दोन अक्षरांची दोन्ही वळणे असतात, आणि मजकूर मराठी आहे हे प्रोग्रामने कळवले तरच अक्षरांची मांडणी करणारे हार्फबझ त्यातले मराठी वळण निवडते. म्हणून प्रथम त्या मजकुराची भाषा प्रोग्राममध्ये मराठी अशीच नोंदवलेली आहे ना, याची खात्री करा. ती तशी असूनही फरक पडत नसेल, तर हार्फबझबरोबर मिळणाऱ्या एचबी-व्ह्यू या साधनाला तोच फाँट आणि ‘शाल’ हाच शब्द द्या, एकदा भाषा हिंदी सांगून आणि एकदा मराठी सांगून. वळण बदलले तर फाँट निर्दोष आहे आणि भाषा पुढे न कळवणारा प्रोग्राम संशयित ठरतो. बदलले नाही तर त्या फाँटात मराठी वळणाची सोयच नसण्याचा संभव अधिक. या दोन्ही प्रतिमा नोंदीला जोडल्या, तर देवनागरी वाचता न येणाऱ्या माणसालाही फरक दिसतो.

नोंदीसाठी रिपोर्टबग हे डेबियनचे दोष कळवण्याचे साधन वापरा. पॅकेजची (म्हणजे डेबियनमध्ये प्रोग्राम ज्या गठ्ठ्यात मिळतो त्याची) आवृत्ती आणि ते ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजांची माहिती ते आपणहून भरते. डेबियनला दोष कळवण्यासाठी खातेसुद्धा लागत नाही, ईमेल पुरतो.

प्रतिसाद २: कोकणकडा

वरील तांत्रिक सल्ला उत्तम आहे, पण पहिले पाऊल म्हणून मी दुसरे काही सुचवीन. त्याच पॅकेजवरच्या जुन्या, अनुत्तरित नोंदी काढा आणि त्यांतला एखादा दोष आपल्या संगणकावर आजही दिसतो का ते तपासून त्या नोंदीच्या क्रमांकाच्या ईमेल पत्त्यावर कळवा. नव्या आवृत्तीत दोष नाहीसा झाला असेल तर तेही कळवण्याजोगेच आहे. डेबियन १९९३ पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर उभे आहे. तक्रारी भरपूर येतात, पण त्या पडताळून पाहणारे हात कमी पडतात. शिवाय इतकी वर्षे वाचल्यामुळे कोणत्या नोंदीत कोणती माहिती राहून गेली आहे, हे नवख्यापेक्षा आपल्याला लवकर कळेल, आणि ही जाण फुकट जाऊ नये असे मला फार वाटते.

प्रतिसाद ३: मीनाक्षी_नाशिक

इंग्रजीची धास्ती बाळगू नका. काय केले, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, एवढे साध्या वाक्यांत आले की पुरे. जगभरच्या अनेक सदस्यांची मातृभाषा इंग्रजी नाही. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी: नोंद आणि तिच्यासोबतचा ईमेल पत्ता सर्वांना कायम दिसतो, म्हणून संस्थेचा पत्ता न वापरता या कामासाठी वेगळा पत्ता ठेवावा. उत्तर आले नाही तर तो नकार समजू नये. काही आठवड्यांनी त्याच क्रमांकावर नवी माहिती, उदाहरणार्थ पुढच्या आवृत्तीतला निष्कर्ष, जोडून पुन्हा लिहिलेले कोणालाही वावगे वाटत नाही.

वाचनमात्र_सांगली

सर्वांचा आभारी आहे. भाषा मराठीच नोंदवलेली होती. एचबी-व्ह्यूने तपासले असता मराठी सांगितल्यावर दोन्ही अक्षरे आपल्या वळणाची आली, तेव्हा फाँट ठीक आहे. या प्रोग्रामच्या जुन्या नोंदी चाळताना नेपाळी मजकुराविषयीची अशीच एक तक्रार सापडली. तिच्यावर कोणाचेही उत्तर नाही. नवी नोंद करण्याऐवजी दोन्ही प्रतिमा तिथेच जोडणे योग्य ठरेल, की मराठीसाठी वेगळा क्रमांक घ्यावा?

प्रतिसाद ४: अक्षरजुळारी

कारण एकच दिसते, म्हणून तिथेच जोडा आणि मराठीतही हेच घडते असे पहिल्या वाक्यात लिहा. कारण वेगळे निघाले तर पॅकेज सांभाळणारे नोंद विभागू शकतात.